कंठवेध

मागांच्या शेडमध्ये माणसाचा आवाज पोचत नाही, हे इचलकरंजीतलं लहान पोरही सांगेल. जुने धोट्याचे माग मोडीत गेले, त्यांच्या जागी संगणकावर चालणारे बिनधोट्याचे रेपिअर माग आले, तरी गोंगाट काही हटला नाही. त्याची फक्त जात बदलली. पूर्वीचा खडखडाट जाऊन सलग घरघर आली आणि त्या घरघरीवर ओढलेले चाबकाचे फटके. म्हणूनच यड्रावजवळच्या मगदूमांच्या शेडमध्ये केतकीनं चालू मागांच्या मधोमध कॅमेरा उभा केला, तेव्हा तिचे थोरले दीर बाहुबलीदादा दारातूनच हसले होते.

काम त्यांनीच दिलेलं होतं. नव्या कामगारांना विणकाम शिकवणारे व्हिडिओ त्यांना हवे होते. लांबून येणारी माणसं काही महिन्यांत निघून जात आणि प्रत्येक खेपेला मास्तरनं तेच तेच पुन्हा शिकवत बसायचं. पण चित्रणासाठी माग बंद ठेवायला दादा तयार नव्हते, आणि चालू मागांपुढे बोललेलं कुठल्याच माइकमध्ये धड उतरत नव्हतं. आधी एका कंपनीनं करून दिलेल्या व्हिडिओत बोलणारा माणूस पिठाच्या गिरणीत कोंडल्यासारखा वाटायचा.

दुपारी दादांच्या केबिनमध्ये केतकीनं आपलं चित्रण लावलं. पडद्यावर शिफ्टची सुपरवायझर शालन कोष्टी तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवत होती. मागे माग धडधडत होते, कापड पुढे सरकत होतं, आणि आवाज मात्र एकट्या शालनचा. खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. मधेच तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

दादांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, हे घडतं कसं.

केतकीनं त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. आपण बोलतो तेव्हा गळ्याची कातडी थरथरते. बोट ठेवलं तर कळतं. तिच्या यंत्रातून डोळ्याला न दिसणारा लेसरचा किरण निघतो आणि बोलणाऱ्याच्या गळ्यावर पडून परत येतो. हॉर्न वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो आणि लांब जाताना उतरतो, तसाच थरथरत्या कातडीवरून परतणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म चढउतार होतो. तो मोजला की कंठाची थरथर हाती येते. मागांच्या आवाजानंही कातडी हलते, पण अगदी थोडी, आणि तिला ठेका असतो; संगणक तो ठेका ओळखून वजा करतो. कॅमेरा माणसाची मान सोडत नाही. आता कंठातून नुसता सूर मिळतो, क-च-ट-प ही व्यंजनं घडतात जिभेवर आणि ओठांवर. ती यंत्र ओठांच्या चित्रावरून भरून काढतं. केतकी आणि तिच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी पुण्यात खपून ते तयार केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं कंठवेध.

दादा म्हणाले, छान आहे. आणि त्यांनी सगळ्याच शिफ्टचं चित्रण करायला परवानगी देऊन टाकली.

केतकी मूळची आवाजाचीच माणूस. लग्नाआधी ती मालिकांचं आणि माहितीपटांचं ध्वनिमुद्रण करायची. तिच्या कानांची त्या वर्तुळात ख्याती होती. फोनवर समोरचा माणूस नुकता रडून उठलाय की झोपेतून, हे ती 'हॅलो'वरून सांगायची. श्रेणिक मगदूम तिला भेटला तो अशाच एका माहितीपटाच्या वेळी. विणकामाचं उच्च शिक्षण घेऊन तो घरच्याच शेडमध्ये वीव्हिंग मास्टर झाला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. मागांजवळून नुसता चालत जाऊन कुठला माग बिघडणार आहे ते तो सांगायचा. दोघांचाही जीव कानांत. त्या गोष्टीवरच तर त्यांचं जमलं होतं.

पण गेली दोन-तीन वर्षं श्रेणिक घरी बोलेनासा झाला होता. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. विचारलं तर तो उत्तर द्यायचा, पण तुटक. जेवताना ती दिवसभराचं सांगत असली की तो मान हलवायचा, आणि ती ओट्याकडे वळून बोलू लागली की उठून जायचा. संध्याकाळी पूर्वी दोघं जुनी गाणी लावून बसायची, तेही त्यानं सोडलं. दमतो बिचारा, अशी केतकीनं स्वतःची समजूत घातली होती.

ती समजूत एका चित्रणात फुटली. ती ताण्याच्या धाग्यांचा बीम मागावर चढवणाऱ्या कामगाराचा व्हिडिओ कापत बसली होती. मागे, दोन मागांच्या ओळींच्या पलीकडे श्रेणिक उभा होता. त्याच्यासमोर, मधे माग ठेवून, शालन. शालनचे ओठ हलले, आणि श्रेणिक हसला. नुसता हसला नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून, खांदे हलेपर्यंत हसला. मग तो काहीतरी म्हणाला आणि शालननं हातातलं फडकं त्याच्या दिशेनं उडवल्यासारखं केलं.

केतकीनं चित्र तिथंच थांबवलं. असा हसणारा श्रेणिक तिला ओळखीचा होता. तो तिच्या घरी राहायचा, पूर्वी.

शालन कोष्टीबद्दल वाईट बोलणारं कोणी नव्हतं, ही त्यातली आणखी त्रासाची गोष्ट. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली, नवऱ्यापासून रीतसर वेगळी झालेली, लाल रंगाच्या मोटरसायकलवरून कामाला येणारी बाई. जरा दिमाखातच राहायची. दादांशीसुद्धा बरोबरीनं वाद घालायची. केतकीला ती 'वहिनी' म्हणायची आणि मनापासून म्हणायची.

दुसऱ्या दिवशी केतकीनं कंठवेध त्या दोघांवर रोखलं. कामाचं निमित्त होतंच. आडव्या चौकटीत श्रेणिक, शालन, दोघांच्या गळ्यांवर न दिसणारे किरण. ती दोघं नेहमीसारखी मागापलीकडून बोलत होती. हे कसलं ओंगळ काम आपण करतोय, असं तिच्या मनात आलं, पण हात थांबला नाही.

केबिनमध्ये येऊन तिनं कानांवर हेडफोन चढवले. काही नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिनं किरणाची नोंद तपासली. किरण नीट बसला होता. दोघांचे कंठ थरथरतच नव्हते. दोघंही आवाज न काढता बोलत होती.

मागावर आयुष्य काढलेल्या माणसांची ही जुनी खोड आहे. ओरडून उपयोग नसतो, मग घसा कशाला फोडायचा? नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. शेडमधले लोक तिला मुकी बोली म्हणतात. केतकीला हे ऐकून ठाऊक होतं. पण त्या दुपारी तिला एवढंच दिसलं, की आपला नवरा एका बाईशी अशा भाषेत बोलतो, जी जगातला कुठलाही माइक पकडू शकत नाही.

त्याच चित्रणात आणखी एक गोष्ट होती. श्रेणिक इतर कामगारांशी आवाज काढून बोलला तेव्हाच्या त्याच्या आवाजाचा आलेख यंत्रानं लाल करून दाखवला होता. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो; वरातीत बँड जवळ आला की आपण आपोआप ओरडू लागतो, तसं. शेडमधल्या प्रत्येकाचा आवाज मागांबरोबर चढत-उतरत होता. श्रेणिकची रेघ सपाट होती. यंत्राची मोजणी चुकतेय असं समजून केतकीनं ती आकड्यांनी दुरुस्त करून टाकली. तिला दुसरंच काही हवं होतं.

रात्रीच्या जेवणाच्या तयारीत, भाजी चिरता चिरता, पाठमोरीच राहून तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, शालनचं कसं काय चाललंय. उत्तर आलं नाही. तिनं वळून पाहिलं तेव्हा श्रेणिक तिच्याकडेच बघत होता, पण चेहरा कोरा. तिनं पुन्हा ओट्याकडे वळून तेच विचारलं. तो म्हणाला, "उद्या बघू," आणि पेपर उघडला.

उद्या बघू. शालनबद्दल विचारलं की हे उत्तर.

तिनं ठरवलं की यंत्राला मुकी बोली शिकवायची. ओठ वाचणं अर्धं तर त्याला येतच होतं; आता कंठाच्या मदतीशिवाय वाचायला शिकवायचं. दादांना तिनं सांगितलं की कामगार एकमेकांना सूचना याच बोलीत देतात, त्याही व्हिडिओत उतरल्या पाहिजेत. दादांना पटलं. शिकवण्यासाठी नमुने हवे होते, शेकडो वाक्यांचे, स्वच्छ ओठांचे. आणि शेडमध्ये सगळ्यात स्वच्छ ओठ कोणाचे, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं.

त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत शालन कोष्टी केतकीसमोर खुर्ची टाकून बसली आणि वाक्यामागून वाक्य नुसत्या ओठांनी बोलत राहिली. ती उत्तम शिकवायची. सुरुवातीला यंत्र 'माग' म्हटलं की 'बाग' लिहायचं आणि 'माप'चं 'पाप' करायचं, कारण प, ब आणि म यांत ओठ सारखेच मिटतात. शालन हसून सांगायची, वहिनी, एकटा शब्द कोणालाच वाचता येत नाही, मागचापुढचा धरायचा. ओठ उगाच मोठे करायचे नाहीत. आणि बघायचं ते डोळ्यांकडे, ओठ आपोआप दिसतात. ती घरून शेंगदाण्याची चटणी आणायची आणि अर्धी केतकीच्या डब्यात घालायची. केतकी ती खायची. चव चांगली असायची, याचाही तिला राग यायचा. ही बाई आपल्या हातानं आपला फास वळतेय आणि तिला पत्ता नाही, असं वाटून तिला एकाच वेळी लाज वाटायची आणि समाधानही.

यंत्र तयार झालं त्या दिवशी केतकी एकटीच ते पाहणार होती. पण नेमके बाहुबलीदादा केबिनमध्ये आले आणि दाखव म्हणाले. नाही कशी म्हणणार? तिनं आदल्या दिवशीचं चित्रण लावलं. आधी इतर कामगारांचं दाखवलं. ओठांखाली अक्षरं उमटू लागली. कोणाची बायको माहेरी गेलेली, कोणाला सुट्टी हवी होती, एकानं दादांना 'म्हातारा कोल्हा' म्हटलं होतं. दादा त्यावर हसले, पण जरा कमीच. मग चित्रण पुढे सरकलं आणि पडद्यावर श्रेणिक आणि शालन आले. केतकीला थांबवता आलं असतं. तिनं थांबवलं नाही.

शालनच्या ओठांखाली अक्षरं आली: सातवा. खोकतोय. डावीकडून.

श्रेणिकच्या ओठांखाली: ओला की कोरडा?

कोरडा. तीन ठोक्यांनी एकदा. आणि तो कोपऱ्यातला रडायला लागलाय.

बेअरिंग असेल.

मला नाही वाटत. तुमचा भाऊ ओरडल्यासारखा आवाज आहे.

इथं श्रेणिक हसला. तेच हसू, मान मागे टाकून. मग हसू ओसरलं. शालन मागावरून थोडी पुढे वाकली.

घरी सांगितलंत का?

नाही.

सांगा की. वहिनींचे कान केवढे आहेत.

म्हणूनच.

एवढंच लिहून यंत्र थांबलं. केतकीनं जुनी फाइल उघडली. तिनं दुरुस्त केलेली ती रेघ मूळच्या रूपात पुन्हा पडद्यावर आणली. शेडमधल्या सगळ्यांचे आवाज डोंगरासारखे चढत-उतरत होते आणि त्यात श्रेणिकचा आवाज सपाट, शांत. ज्याला गोंगाट ऐकूच येत नाही तो आवाज चढवणार कशाला? ओट्याकडे वळून आपण बोललो की तो उठून का जातो; गाणी का सुटली; प्रश्न न ऐकताच दिलेलं 'उद्या बघू' कुठून आलं. एकेक गोष्ट आपली आपण जागेवर जाऊन बसली.

दादांना आलेखातलं काही कळलं नव्हतं, पण त्यांना त्याची गरज नव्हती. ते लहानपणापासून शेडमध्ये वाढले होते आणि माग दुरुस्त करता करता बहिरे झालेले जॉबर त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते हळूच म्हणाले, "माझ्या भावाला ऐकू येत नाही, आणि हे मला पडद्यावर वाचावं लागतंय."

दादा दुष्ट नव्हते. पण कारखान्याचे मालक होते. धोक्याची घंटा ऐकू न येणारा माणूस चालत्या मागांमध्ये ठेवता येत नाही, असं विम्याचे नियम सांगत होते, आणि अपघात झाला असता तर आधी त्यांनाच विचारलं गेलं असतं. आठवड्याच्या आत श्रेणिकला शेडमधून काढून डिझाइनच्या खोलीत बसवलं गेलं. शालननं सगळं ठाऊक असून लपवलं होतं. दादांनी तिला बोलावून घेतलं. केबिनचं दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा तिनं आपलं हेल्मेट घेतलं, मोटरसायकलला किक मारली आणि गेली, ती कायमची. केतकीकडे तिनं पाहिलं नाही, किंवा पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असेल.

त्याच संध्याकाळी श्रेणिक आणि केतकी समोरासमोर बसली. आता ती त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होती, आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे डोळे तिच्या ओठांवर येत होते. हे डोळे कधीपासून आपल्या ओठांवर होते, आणि आपण त्याला बेपर्वाई समजत होतो, हे तिच्या लक्षात येत होतं.

श्रेणिक चिडला नाही. त्यानं सगळं सांगितलं. लहानपणी कानांत बोळे न घालता मागांखाली लपाछपी खेळल्याचं. बोळे घालणं म्हणजे भित्रेपणा, असं तेव्हा सगळेच मानायचे. आधी पाखरांचे आवाज गेले. मग 'स' आणि 'श' गेले, मग फोन गेला. सांगायचं बऱ्याचदा ठरवलं, प्रत्येक वेळी धीर झाला नाही. तो म्हणाला, "तू लोकांच्या श्वासावरून त्यांची सर्दी ओळखतेस. तुला काय सांगू, तुझा आवाज मला घागरीच्या तळातून येतो म्हणून? तू माझ्यावर दया केली असतीस. मला ती चालली नसती."

इथवर सगळं केतकीनं समजून घेतलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. पण तरी तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तिला मात्र सांगितलंस."

श्रेणिक तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला मी काहीच सांगितलं नाही. एकदा एक माग खोकत होता आणि मी त्याच्या शेजारून सरळ निघून गेलो. तिनं ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ती ऐकायची आणि मला सांगायची. 'घरी सांगा' एवढं सोडलं तर त्याबद्दल आम्ही कधी बोललोसुद्धा नाही."

केतकीला वाटलं, त्यानं त्या बाईवर प्रेम केलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं. पण जिल्ह्यातले सगळ्यात चांगले कान घरात असताना त्यानं दुसरीचे कान वापरले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यानं ते मागितले नव्हते. एका बाईनं एका क्षणात जे ओळखलं, ते त्याच घरात, त्याच ताटाजवळ बसून केतकीला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. यंत्रानं लाल रेघ ओढून दाखवलं तरी नाही.

पुढचे काही महिने ती झपाटल्यासारखी राबली. कंठवेध गळ्यांऐवजी मागांवर रोखलं तर? माग बिघडू लागला की त्याच्या धातूची थरथर बदलते. तीच थरथर लेसरनं मोजायची, शेकडो बिघाडांशी ताडून बघायची आणि निष्कर्ष मनगटावरच्या पट्ट्यावर पाठवायचा. घंटा वाजली तर पट्टा जोरात हादरेल, म्हणजे विम्याचीही अडचण मिटते. दादांनी मनापासून साथ दिली. मुकी बोली वाचण्याचा भाग मात्र केतकीनं त्यांच्यासमोर पुसून टाकला. ती बातमी तोवर शेडभर झाली होती, आणि लोक भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर आणि तोंडाला फडकं बांधून कामावर येऊ लागले होते. तो भाग पुसल्यावरही काहींनी ती फडकी सोडली नाहीत.

डॉक्टरांनी श्रेणिकला श्रवणयंत्रं दिली. घरच्या शांततेत त्यांचा उपयोग होई, शेडमध्ये नाही. तिथं पट्टा कामी आला. श्रेणिक पुन्हा मास्तर झाला. ज्या दिवशी तो शेडमध्ये परतला, त्या दिवशी केतकीला झालेला आनंद खरा होता. पण त्या आनंदाच्या तळाशी काय होतं, तेही तिला ठाऊक होतं. आता शालन कोष्टीची कोणालाच गरज उरली नव्हती. दादांनी स्वतःहून तिला परत बोलवायचा विषय काढला, तेव्हा 'आता पट्टा आहे ना' हे वाक्य केतकीनंच उच्चारलं होतं.

पट्टा चुकत नव्हता. 'माग सात, डावं बेअरिंग, झीज' असं लिहून यायचं आणि ते बरोबर असायचं. श्रेणिक दुरुस्ती सांगायचा, पुढे जायचा. एकदा चहा पिताना त्यानं मनगटाकडे बघत म्हटलं, "हा नुसता झीज म्हणतो. खोकतोय म्हणत नाही." तो तक्रारीच्या सुरात बोलला नव्हता. आवाजात फक्त थोडी आठवण होती. पण केतकीच्या कानांना तेवढंही पुरे होतं.

त्या रविवारी ती कुणालाही न सांगता शालनकडे गेली.

शालन आता कागलकडच्या एका मोठ्या गिरणीत लागली होती आणि तिथंच जवळ घर घेतलं होतं. तिनं दार उघडलं, क्षणभर थबकली, आणि म्हणाली, या वहिनी. घर आवरलेलं होतं. अंगणात मोटरसायकल धुऊन उभी केलेली होती. केतकीनं माफी मागितली. ती माफी तिनं वाटेत जुळवत आणली होती. यंत्राबद्दल, नमुन्यांबद्दल, नोकरीबद्दल. शालननं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली की नोकरी तिला इथं जास्त चांगली मिळालीय, त्यामुळे तो हिशेब राहू द्या. पण ओठ शिकवायला बसवून घेतलंत, ते मात्र लागलं. विश्वासानं बसले होते मी.

शालननं चहा केला. चहा संपत आला तरी केतकी उठेना, तेव्हा शालननंच विचारलं, वहिनी, तुम्ही याच्यासाठी आला नाहीत. काय विचारायचंय?

"तुमचं श्रेणिकवर प्रेम होतं का?"

शालननं कप खाली ठेवला. तिनं नजर चुकवली नाही. "होतं की," ती म्हणाली. "आहे. हे विचारायचं होतं तर पहिल्याच दिवशी विचारायचं. मी सांगितलं असतं. एवढं यंत्र कशाला केलंत?"

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला. त्याचा आवाज विरल्यावर केतकीनं विचारलं,

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. मी ते ओठांवर कधी आणलंच नाही. माझ्या ओठांवर काय येतं ते मास्तर चुकून वाचतील, म्हणून त्यांच्यासमोर मनात बोलतानासुद्धा मी तोंड मिटून असायचे." ती किंचित हसली. "त्यामुळे तुमच्या यंत्रालाही सापडलं नसावं."

केतकीनं मान हलवली. नाही, सापडलं नव्हतं.

"मग राहू द्या तसंच," शालन म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

परतीच्या वाटेवर केतकी गाडी चालवत होती आणि रडत नव्हती. तिचा संशय खरा ठरला होता. तिला वाटलं होतं की हा संशय खरा ठरला तर आपण पेटून उठू, आणि खोटा ठरला तर सुटू. यातलं काहीच झालं नाही. त्या बाईनं तिच्याकडून काही घेतलं नव्हतं. जे द्यायचे ते कान देऊन टाकले होते आणि बाकीचं तोंड मिटून ठेवलं होतं. असं तोंड मिटून आपण कधी कोणावर प्रेम केलंय का, हे केतकी आठवत राहिली, आणि तिला त्या बाईचा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हेवा वाटला.

घरी आली तेव्हा श्रेणिक व्हरांड्यात बसला होता. कानांतली यंत्रं त्यानं काढून ठेवली होती. रविवारी तो काढतोच. त्याला कळलंच होतं. ती कागलकडे गेल्याचं शेडमधल्या कोणीतरी पाहिलं होतं. त्यानं विचारलं, शालनला भेटलीस? काय म्हणाली?

केतकी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. संध्याकाळचा उजेड तिच्या तोंडावर येत होता. तिनं चेहरा त्याच्याकडे नीट वळवला. ओठ उगाच मोठे केले नाहीत. आणि आवाज न काढता, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत, तिनं लग्नानंतरचं आपलं पहिलं खोटं त्याला सांगितलं.

"काही नाही. बरी आहे. तुझी आठवणही काढली नाही."

श्रेणिकनं ते सगळं वाचलं. मग तिचे ओठ मिटल्यावरही, अजून काही वाचायचं राहिल्यासारखा, तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.